बिनदाण्याची वांगी

मराठी स्वयंपाकघरात दाणे कुठे नसतात, ते मला कुणीतरी सांगा. भरल्या वांग्यात कूट, काकडीच्या कोशिंबिरीत कूट, मेथीच्या पातळ भाजीत दाणे, उपासाच्या खिचडीत कूट आणि भगरीवर परत दाण्याचीच आमटी. भाजी तिखट झाली, टाक कूट. रस्सा पातळ झाला, टाक कूट. ऐनवेळी पाहुणा आला आणि भाजी पुरेना, तर दोन मुठी टाक. माझं माहेर कोल्हापूरकडचं. लग्न होऊन भोपाळच्या टाउनशिपमध्ये आले तेव्हा ट्रंकेत साड्यांच्या खाली आईनं शेंगांची पिशवी कोंबली होती, तिकडे मिळतात की नाही कोण जाणे म्हणून. इथे तर जागोजागी मूंगफलीचे ठेले होते. मी खूश झाले होते तेव्हा.

अशा घरात माझी लेक जन्माला आली आणि तिला दाणे चालत नव्हते. आवडत नव्हते असं नव्हे. पोट बिघडायचं असंही नव्हे. दाणा पोटात गेला की तिचा श्वास कोंडायचा.

ती तीन वर्षांची होईपर्यंत आम्हाला हे कळलंच नाही. अधूनमधून अंगावर गांधी उठायच्या, तेव्हा मी आमसुलाचं पाणी चोळायचे आणि पित्त झालंय म्हणायचे. लहान मूल, वरण-भात आणि दूध-पोळीवर वाढत होतं. मग एक थंडीतली संध्याकाळ आली. आमचे हे कारखान्यात इंजिनीयर. सुट्टी झाली की गेटाबाहेर ठेल्यांची रांग लागायची, गरम वाळूत भाजलेल्या शेंगा आणि वर काळ्या मिठाची पुडी. थंडीत हे रोज एक पुडकं घेऊन यायचे. त्या दिवशी ह्यांनी शेंग फोडली, लाल साल काढलं आणि कौतुकानं लेकीच्या तोंडात दाणे घातले. मी कणीक मळत होते. "अगं, हिचे ओठ बघ," असं ऐकून वळले, तर ओठ सुजलेले, डोळे मिटत चाललेले, आणि श्वास ओढताना तिच्या घशातून बारीक शिट्टी वाजत होती. कणकेच्या हातांनीच मी तिला उचललं. स्कूटरवर मागे बसून मी हॉस्पिटलपर्यंत नुसतं "लवकर, लवकर" म्हणत होते, असं हे सांगतात. मला काहीही आठवत नाही.

टाउनशिपच्या हॉस्पिटलातले डॉक्टर शांत माणूस होते. त्यांनी मांडीत इंजेक्शन दिलं, आणि लेक मोठ्यानं रडायला लागल्यावर मला बाजूला घेतलं. "मूंगफली का एक दाना भी नहीं. इस बार आप वक़्त पर आ गए. अगली बार शायद इतना वक़्त न मिले." एवढंच बोलले आणि पुढच्या पेशंटकडे वळले. 

घरी येऊन मी दाण्यांचा डबा, कुटाची बरणी, चटणी, तेलाचं पिंप, सगळं बाहेर काढलं. मिक्सरचं भांडं दिलं टाकून. खलबत्ता उकळत्या पाण्यात घातला. फडताळं सोड्याच्या पाण्यानं पुसून काढली. हे म्हणाले, "अगं, भांडं धुऊन चाललं असतं की." मी म्हणाले, "तुम्ही चाटून बघा आणि मला लिहून द्या, चाललं असतं म्हणून." 

माझी जीभ तिखटच, पण त्या दिवसांत ती नुसती भीतीनं चालायची. महिला मंडळाच्या हळदीकुंकवाला एक बाई मला म्हणाल्या, "अहो, थोडं थोडं द्यायचं मुलांना. सवय होते. आमच्याकडे नाही बाई असले लाड." मी म्हणाले, "तुमच्या नातवाला थोडं थोडं रॉकेल देऊन बघा, सवय होते का."  मी ओटीही न घेता घरी आले आणि दार लावून रडले. लोकांना ते खूळ वाटायचं. ॲलर्जी हा शब्दच तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता, आणि असला तरी तो धुळीसाठी. दाण्यानं कुणाचा जीव जातो, यावर कुणाचा विश्वासच बसेना. मी एकटी मूर्ख ठरत होते, आणि देवा, मी खरोखर मूर्ख असू दे, असंही मला वाटायचं.

सकाळचं इतकं काही नव्हतं. सकाळी घाई असायची, पोळी-गूळ, दूध, डबे, की झालं. मला धसका असायचा तो संध्याकाळच्या जेवणाचा.  सगळे एकत्र बसणार, ताटात चार पदार्थ पडणार, आणि त्यातल्या एकाच्या एका घासात माझं सगळं संपू शकणार. मी तिला भरवायचे आणि घास दिला की तिच्या ओठांकडे बघत बसायचे. ती लहान जीव, तिला वाटायचं आई खेळतेय. ती ओठांचा चंबू करून दाखवायची आणि माझ्या काळजात धस्स व्हायचं.

ह्यांच्याशी तर रोज वाजायचं. दारातच हात धुवायचे, चूळ भरायची, शर्ट बदलायचा, मगच लेकीला घ्यायचं, असा मी नियम केला. एका रविवारी हे मिसरोदला मित्राच्या घराच्या वास्तुशांतीला गेले आणि आले ते थेट तिला उचलून गालाची पापी घेतली. बघता बघता त्या गालावर लाल चट्टा उठला. "काय खाल्लंत?" मी ओरडले. ह्यांचा चेहरा पडला. "चिवडा होता गं. दाणे मी बाजूला काढले होते." मी त्या दिवशी ह्यांना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. गाल धुतला, औषध दिलं, आणि चट्टा उतरेपर्यंत आम्ही दोघं तिच्या दोन बाजूंना बसून होतो. त्यानंतर ह्यांनी गेटावरच्या ठेल्याकडे मान वळवून बघितलं नाही.

पण जेवायचं तर रोजच होतं. आणि दाणे काढल्यावर आमच्या जेवणाची चवच गेली. मी शेजारणींना विचारून विचारून भाज्या शिकले. टोमॅटो घालून लौकी, मेथीदाण्याच्या फोडणीचा आंबटगोड कद्दू, सरसोंच्या तेलातली अरबी, म्हणजे आपल्या अळकुड्या. सोयाबीनचं तेल आणलं, त्याचा वास कितीतरी दिवस घरात कुणाला सोसेना. सोमवारी एक, मंगळवारी दुसरं, असं मी रोज काहीतरी नवीन करून बघायचे. काही जमायचं, काही थेट मोलकरणीच्या डब्यात जायचं. हे बिचारे मान खाली घालून जेवायचे. एकदा मात्र ताटात बघत म्हणाले, "सगळं चांगलं असतं गं. पण आपलं काही नसतं." मला राग आला नाही. मलाही तसंच वाटत होतं.

तेव्हा मी हट्टाला पेटले. भरली वांगी करायची, दाण्याशिवाय करायची, आणि अशी करायची की कुणाला कळू नये. नुसते तीळ घातले तर कडवट झाली. नुसतं खोबरं घातलं तर गोड. कलिंगडाच्या बियांचा मगज इथे सगळीकडे मिळतो, तो वाटून घातला तर रस्सा दिसायला छान आणि खायला पिठूळ. मग कुणीतरी फुटाण्यांचं सुचवलं. मी आनंद नगरच्या बाजारात भट्टीवाल्याकडे गेले. तो चणे भाजत होता, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याच वाळूत त्यानं मूंगफली ओतली. मी तिथूनच माघारी फिरले. एक मिनिट आधी गेले असते तर मी ते चणे घेऊन घरी आले असते.

मग मी घरीच हरभरे भिजवले, वाळवले आणि जाड कढईत मिठात भाजले. पहिले करपले. दुसरे कच्चे राहिले. हळूहळू हात बसला. सालासकट जरा जास्त खरपूस भाजायचे, त्यात थोडे तीळ, थोडं भाजलेलं सुकं खोबरं, आणि सगळं जाडसर कुटायचं, बारीक नाही. वरून गोडा मसाला, गूळ, चिंच. अवधपुरीच्या बाजूनं एक बाई टोपलीत कोवळी काटेरी वांगी घेऊन यायची, ती भरली आणि मंद आचेवर ठेवली. झाकण उचललं तर मलाच वास आला आमच्या माहेरच्या स्वयंपाकघराचा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो, वांग्यापायी.

संध्याकाळी ह्यांना काही न सांगता वाढलं. ह्यांनी पोळीचा तुकडा रश्शात बुडवला, तोंडात घातला आणि हात तिथेच थांबला. रंग उडाला चेहऱ्याचा. झटक्यात त्यांनी लेकीच्या पुढचं ताट ओढून घेतलं. "यात दाणे आहेत!" मी हसायला लागले. इतकी हसले की बोलताच येईना, नुसती मान हलवत होते. "नाहीत. चणे आहेत. चणे!" हे माझ्याकडे बघत राहिले, पुन्हा एक घास घेतला, पुन्हा थांबले. मग हेही हसले. कित्येक महिन्यांनी त्या घरात कुणी जेवताना हसत होतं. लेकीला काही कळत नव्हतं, पण तिनं आपलं ताट परत ओढलं आणि वांगं चाटूनपुसून खाल्लं.

झालं. तिला दुसरं काही नकोच झालं. आठवड्यातून दोनदा तरी वांगी. वांगी नसतील त्या दिवशी ढोबळी मिरची तशी, दोडका तसा, कोशिंबिरीतही तेच कूट. टाउनशिपमधल्या मराठी बायका येऊन खाऊन गेल्या आणि कुणाला पत्ता लागला नाही. मला किती मिरवावंसं वाटायचं म्हणून सांगू! डॉक्टरांनी घरातून काढलेलं सगळं मी एकेक करून परत आणत होते.

लेक पाच वर्षांची झाली आणि खेळायला बाहेर जायला लागली. आता भीती घराबाहेरची होती. पोरीला किती कोंडून ठेवणार? म्हणून मी तिला दोन गोष्टी घोकून घेतल्या. पहिली, विचारल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. आणि दुसरी, चुकून घातलंच आणि चव ओळखीची लागली नाही, तर लगेच थुंकायचं. समोर कोण आहे बघायचं नाही. कुणाच्या अंगावर थुंकलीस तरी चालेल. माझी गुणी बाई ती! बालवाडीत कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शेवेत दाण्याचा तुकडा आला, तर मॅडमच्या साडीवर थुंकली. ओठ जरा सुजला, एवढ्यावर भागलं. मॅडमनी तक्रार केली. मी तोंडदेखली माफी मागितली आणि घरी येऊन लेकीला जिलबी आणून दिली.

आमच्या वरच्या मजल्यावर नागपूरच्या एक वहिनी राहायच्या. त्यांचीही मुलगी आमच्या लेकीएवढीच. सगळ्या टाउनशिपमध्ये माझं म्हणणं कुणी मनापासून ऐकलं असेल तर ते ह्या वहिनींनी. आमची लेक वर जायची तेव्हा दाण्यांचा डबा त्या माळ्यावर टाकायच्या. तिच्यासाठी त्यांनी वेगळी वाटी ठेवली होती. मी निर्धास्त असायचे, असं म्हणवत नाही, कारण निर्धास्त मी कधीच नव्हते. पण ती वर असली की मी कांदा चिरू शकायचे, जिन्याकडे कान न लावता.

लेक सहा वर्षांची झाली होती. तो मधल्याच वारातला एक दिवस होता. ह्यांची दुपारपाळी होती. लेक वर खेळत होती आणि मी दुधीचा नवीन काहीतरी प्रकार करत होते, दह्यातला. जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. वहिनी आत शिरल्या, पिठाचे हात, आणि त्यांच्या कडेवर माझी लेक. "ताई, अवो, हिला कसंतरी होऊन राहिलं! बघा ना हिला!"

मी बघितलं. मला बघायची गरज नव्हती. ती शिट्टी मी ओळखत होते.

"काय खाल्लंस? राणी, काय खाल्लंस?" तिला बोलता येत नव्हतं. तिनं नुसतं वर बोट केलं. वहिनी रडत होत्या. "वांगं. माझ्या पोरीच्या ताटातलं वांगं. मी पोळ्या लाटत होते, ताई. हिला मी भात-दही दिलं होतं वेगळं. कधी हात घातला, दिसलंच नाही मला." मी किंचाळले, "दाणे होते त्यात? सांगा, होते?" त्यांनी मानेनंच हो म्हटलं. तेव्हा मला वहिनींना मारावंसं वाटलं. तेवढ्यात त्यांनीच किल्ली आणली. त्यांच्याकडे मोपेड होती, त्यांनी ती काढली आणि मी लेकीला छातीशी धरून मागे बसले.

आणि रस्त्यात दिवसपाळीची सुट्टी झाली. कारखान्याचं गेट उघडलं आणि सायकली, स्कूटरी, माणसं, सगळा रस्ता भरून समोरून यायला लागला. वहिनी हॉर्न दाबत होत्या आणि तो आवाज त्या गर्दीत कुणाला ऐकू जात नव्हता. मी ओरडत होते, "हटो! बच्ची है! हटो!" लेकीचं डोकं माझ्या खांद्यावर जड झालं होतं. तिचा श्वास माझ्या मानेला लागत होता आणि मग तो मध्येच लागेनासा झाला. मी तिला हलवलं. परत लागला. परत गेला. मी तिच्या कानात बोलत होते, काय बोलत होते देव जाणे, श्वास घे, घे गं, माझं बाळ ते, घे. कुणीतरी सायकल आडवी टाकून लोकांना थांबवलं. एक वाट मोकळी झाली. वहिनींनी गाडी त्यातून कशी घातली ते त्यांनाच ठाऊक.

हॉस्पिटलच्या दारात नर्सनं तिला माझ्या हातातून ओढूनच घेतलं. तिचे ओठ निळसर दिसत होते. पडदा ओढला गेला आणि मी बाहेर राहिले. आधी कधी घाबरले नव्हते आणि पुढे कधी घाबरणार नाही, एवढी मी त्या पडद्याबाहेर घाबरले. प्रार्थना सुचली नाही. रडू आलं नाही. मी फक्त ऐकत होते. भांड्यांचा आवाज, चपलांचा आवाज, डॉक्टरांचा आवाज, "और एक इंजेक्शन." मी भिंतीला धरून उभी होते आणि मनात म्हणत होते, रड. राणी, रड गं. एकदा रड.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मग ती रडली. घोगरं, बारीक, पण रडली. वहिनींनी मला काखेत धरून बाकावर बसवलं. मी त्यांचा हात झटकला नाही, धरलाही नाही. थोड्या वेळानं हे आले, कारखान्याच्याच कपड्यांत, हेल्मेट अजून डोक्यावर. "आहे ना?" एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "आहे."

तिला रात्रभर ठेवून घेतलं. सकाळी मी तिच्या उशाशी बसले होते. सूज उतरली होती, आवाज बसलेला होता. मी तिला रागावणार नव्हते, खरंच नव्हते. केसांवरून हात फिरवत होते फक्त. तीच म्हणाली, "आई, मी थुंकणार होते."

"मग का नाही थुंकलीस, राणी?"

ती विचार करत होती. मग म्हणाली, "पण ते आपल्यासारखंच लागलं."

मी उठून बाहेर व्हरांड्यात गेले. रेलिंग धरून उभी राहिले. विचारायचं ती विसरली, तेवढंच; बाकी तिनं काही चूक केली नव्हती. मी शिकवलं होतं तसंच ती वागली होती. चव घेतली, चव ओळखीची निघाली, आणि ती ओळख मीच करून दिली होती, आठवड्यातून दोनदा, कौतुकानं, जास्तीत जास्त हुबेहूब. हे खाऊन फसले तेव्हा मी हसत सुटले होते. सहा वर्षांचं पोर फसणार नाही, असं मला का वाटलं? ते कळलं आणि मला तिथेच उलटी झाली.

वहिनी थर्मासमधून चहा घेऊन जिन्यापाशी उभ्या होत्या. आदल्या दिवसापासून त्यांनी साडीसुद्धा बदलली नव्हती, पदराला वाळलेलं पीठ तसंच होतं. मला बघून त्या मागे सरकल्या. मी त्यांच्याजवळ गेले आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही गाडी काढली नसती तर ती आज नसती." त्या माझ्या गळ्यात पडून हमसून हमसून रडल्या. मी त्यांची पाठ थोपटत राहिले.

दुपारी आम्ही तिला घरी आणलं. ती झोपली, उठली, थोडी खेळली. दिवेलागणीला मी कुकर लावला. नवीन काही करायचं नव्हतं, जुनंही काही करायचं नव्हतं. वरण-भात, तूप, मीठ, लिंबाची फोड. ह्यांनी सुट्टी घेतली होती. आम्ही तिघं जेवायला बसलो. मी भात कालवला आणि घास तिच्यापुढे धरला.

तिनं ओठ घट्ट मिटून घेतले.

"भूक नाही का, बाळा?" ह्यांनी विचारलं. ती ह्यांच्याकडे बघत नव्हती. घासाकडे बघत होती.

"यात काय आहे?"

मी एकेक सांगितलं. तांदूळ. तूरडाळ. हळद, हिंग, मीठ. तूप. सांगताना माझाच आवाज मला परका वाटत होता. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"दाणे नाहीत?"

"नाहीत, राणी. आईनं केलंय ना. आपल्या घरात दाणे नाहीतच."

"पण कळत नाही ना," ती म्हणाली. "आपल्यासारखंच लागतं तेव्हा पण असतात."

ह्यांनी ताट बाजूला सारलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.  मी घाईघाईनं म्हणाले, "हे बघ, आधी मी खाते हं. मला काही होतं का बघ." आणि तो घास मी माझ्या तोंडात घातला, गिळला, तोंड उघडून दाखवलं. "बघ. काही झालं का?"

ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. समजावून सांगत असल्यासारखी म्हणाली, "आई, तुला काय होणार? तुला तर चालतात."

खरंच की. त्या घरात, त्या सगळ्या टाउनशिपमध्ये, तिच्यासाठी चाखून बघू शकेल असं कुणी नव्हतं. तिच्या वाट्याचा घास तिनंच आधी घ्यायचा होता, आयुष्यभर, प्रत्येक ताटातला. ते तिला कळलं होतं आणि मला आत्ता कळत होतं.

मी दुसरा घास कालवला नाही. हात ताटातच राहिला. खूप वेळानं तिनंच बोट पुढे केलं, भाताचं एक शीत उचललं आणि जिभेच्या टोकावर ठेवलं. जीभ बाहेर काढून ती तशीच बसली. दुसऱ्या हातानं तिनं माझं बोट पकडलं होतं, घट्ट.   वरणावर तूप थिजायला लागलं.

मग तिनं शीत जिभेवर तसंच सांभाळत, अडखळत विचारलं, "आई, गिळू?"

डाळ मी निवडली होती. तांदूळ मी धुतले होते. कुकर मी लावला होता, माझ्या हातानं, माझ्या घरात. आणि तरी "हो" म्हणायला माझी जीभ उचलेना. ती वाट बघत होती. तिला दुसऱ्या कुणाला विचारताच येत नव्हतं.

"गिळ," मी म्हणाले.

तिनं डोळे मिटले आणि गिळलं.